तीन धारांची काडी

बोईसरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलंय. वरचे राऊतकाका, म्हणजे मी, जन्मभर बागकामात होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. झालं! दुसऱ्याच सकाळी ती मुलगी मासिकातलं कात्रण घेऊन दारात हजर. "काका, फाटकाजवळच्या वाफ्यात काय लावू? कर्दळ की हे छत्रीगवत?"

प्रश्न साधा आहे. असल्या प्रश्नांवरच माझं पोट भरलं. पण कात्रणातलं ते छत्रीगवत बघितलं आणि ते तसंच तिच्या हातात परत दिलं. "विचार करून सांगतो," म्हणालो आणि दार लावून घेतलं. पोरगी मनात काय म्हणाली असेल कोण जाणे.

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की बागेच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा. गमती! आता नाहीत असं नाही. एका इंजिनिअरच्या बायकोने परदेशातून ट्यूलिपचे कंद आणून भर मे महिन्यात माझ्याकडून लावून घेतले होते. ते कुजले, तेव्हा मीच कांदे समजून खाल्ले असा तिचा शेवटपर्यंत संशय होता. एक डॉक्टर निवडुंगाला रोज बादलीभर पाणी घालायचे आणि तो सडला म्हणून मला झापायचे. असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसलो की हात तिकडे वळत नाही, त्या एकाच वाफ्याकडे वळतो. तेव्हा गमती दुसऱ्या कुणाकडून घ्या. मी हे लिहितो.

मी मूळचा केळव्याचा. आमची नारळी-पोफळीची वाडी होती, पानवेलही होती. पण भाऊ पाच आणि वाडी एक, म्हटल्यावर कुणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं. साठच्या दशकात तारापूर-बोईसर बाजूला बांधकामं निघाली, खडीचे आणि सिमेंटचे ट्रक धावायला लागले. एका कंपनीने चिंचणीच्या रस्त्याला आपल्या साहेबलोकांसाठी वसाहत बांधली. कंपनीचं नाव लिहीत नाही; ती कधीच बुडाली, आणि मेलेल्याला काय मारायचं. तिथे मी बागेचा मुकादम म्हणून लागलो. मुकादम म्हणजे काय, तर हाताखाली सहा बायका, चार खुरपी आणि एक गळकी रबरी नळी. नोकरी रोजंदारीवर. वर्षभर काम पसंत पडलं तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. माझं नुकतंच लग्न झालेलं. त्या 'कायम' शब्दासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंही.

त्या सहा बायकांतली सगळ्यांत म्हातारी ती लाडकीबाय. अंगाने काटक, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्या दिवशी मी विचारलं, "बाय, तुला दिसतं तरी का?"

"तुजा तोंड नाय दिसत, मुकादमा. बराच हाय मंग," ती म्हणाली, आणि बाकीच्या पाचजणी खुरपी टाकून हसल्या.

तिला दिसायचं नाही, पण तणाची बेणणी करावी तर तिनेच. जमिनीला हात लावून ती सांगायची की इथे काल पाणी पडलेलं नाही. आणि का नाही सांगणार? ती जमीन तिचीच होती. वसाहत जिथे उभी राहिली तिथे तिचं भाताचं खाचर होतं. कागद झाले, आंगठे उठले, काटेरी तारेचं कुंपण पडलं. तिच्या लोकांत घरचा कर्ता माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड शेताच्या बांधावर बसवतात, शेंदूर लावून. लाडकीबायच्या नवऱ्याचा दगड गेस्टहाउसच्या मागे जांभळीच्या बुंध्याशी तसाच राहिला होता. साहेबलोकांना तो दिसला नव्हता, किंवा दगड म्हणूनच दिसला होता. आणि कंपनीचा पास असल्याशिवाय फाटकातून मुंगीलाही आत सोडत नसत.

"मी कामाला आले नाय रं," एकदा दुपारी ती मला म्हणाली. "त्याच्याकडं आले. पास हाय म्हून रोजची भेट व्हते. पास गेला तर आमची ताटातूट झाली समज."

दुपारच्या सुट्टीत ती भाकर घेऊन दगडाशी जाऊन बसायची. जाताना वाफ्यातलं कर्दळीचं एक फूल खुडायची. वसाहतीत फूल तोडायला सक्त मनाई होती. ती फूल खुडत असली की मी मान फिरवून नळीची गळती बघायचो.

आता त्या दोन वाफ्यांबद्दल. गेस्टहाउसच्या पायऱ्यांच्या दोन बाजूंना दोन सारखे वाफे होते. मुंबईहून कंपनीचे मोठे मालक यायचे होते, आणि फाटकापासून गेस्टहाउसपर्यंत दुतर्फा एकच झाड लावायचं ठरत होतं. साहेबांना कर्दळ हवी होती. बाईसाहेब मुंबईला पुष्पप्रदर्शन बघून आल्या आणि येताना मोटारीच्या डिकीतून छत्रीगवताचे गड्डे घेऊन आल्या. नवराबायकोत जुंपली. शेवटी तोडगा निघाला की डावीकडे कर्दळ, उजवीकडे छत्रीगवत, पावसाळाभर बघायचं आणि जे टिकेल ते रस्त्याला लावायचं. राऊत, तुमची परीक्षा आहे, असं साहेब वर हसून म्हणाले.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐक. कर्दळीचा कंद लावला की काम संपलं असं लोक समजतात. संपत नाही. एक दांडा फुलून झाला की तो जमिनीलगत कापायचा, तर खालून दुसरा येतो. हे कुणी करत नाही आणि मग कर्दळ वाईट म्हणतात. पानं गुंडाळून आत अळी बसते, ती रोज हाताने काढायची. आमच्याकडचा खारा वारा सुटला की पानं चिरतात, कडा करपतात. पंधरा दिवस नवरी आणि पंधरा दिवस आजारी, असा तिचा कारभार. पण फुलते तेव्हा अशी लालभडक फुलते की म्हाताऱ्या डोळ्यांनाही लांबून लाली कळते.

छत्रीगवताला यातलं काही नको. पाय ओले ठेवा, बस्स. कमरेएवढ्या हिरव्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पात्यांची उघडी छत्री. वारा सोसतं, ऊन सोसतं, विहिरीचं मचूळ पाणीसुद्धा चालतं. रोपं करायची तर छत्री कापून पाण्यात उलटी टाकायची, तिला मुळं सुटतात. फूल म्हणाल तर नुसता तपकिरी भुसा. माळ्याचा जीव सुखी करणारं झाड आहे, पण त्याला बघून कुणी दोन पावलं थांबलेलं मी पाहिलं नाही.

बाईसाहेबांनी डिकीतून पहिला गड्डा काढला तेव्हाच मी एक काडी चिमटीत धरून फिरवली. गवताची काडी बोटांत गोल फिरते. ही अडली. तीन धारा लागल्या. मी म्हणालो, "बाईसाहेब, हा तर लव्हाळ्याचा भाऊ."

"असेल," त्या हसल्या, "पण शिकलेला भाऊ आहे."

लव्हाळा म्हणजे काय हे ज्याने शेत केलंय त्याला सांगायला नको. वर बोटभर काडी, आणि जमिनीखाली गाठ, गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. काडी उपटली तर ती हातात येते आणि गाठ खाली तशीच राहते. आठ दिवसांनी एकाचे चार. लाडकीबायची सासू त्या खाचरातला लव्हाळा काढता काढता म्हातारी झाली होती, आणि तिच्यामागे लाडकीबाय. डोळे गेल्यावर ती बोटांनीच लव्हाळा ओळखायची. काडी फिरवायची, अडली की खुरपं खाली. गाठी टोपलीत जमवायच्या, आणि मग एकेक गाठ दगडावर दगडाने ठेचायची. "ठेचल्याबिगर त्यो मरत नाय," ती म्हणायची. तिच्याकडची तशी रीतच होती.

त्याच जमिनीत आम्ही मुंबईहून मोटारीने लव्हाळ्याचा भाऊ आणून लावणार होतो आणि त्याला वेळच्या वेळी पाणी देणार होतो. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिने विचारलं होतं. काड्या वर आल्या तेव्हा वाफ्यापाशी उभी राहून म्हणाली, "ह्यो कोन रं? उंच उंच दिसतंय."

"पाम आहे बाय. मुंबईचा."

"फूल कई येतंय त्याला?"

"येत नाही."

"मंग पानी कशाला घालतास?"

मी म्हणालो, बाईसाहेबांची हौस. ती पुढे गेली आणि मीही विषय टाळल्याचं समाधान मानलं. एवढीशी लाज. तेव्हाच गिळून खरं सांगितलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

पाऊस सरला. दसऱ्यानंतरच्या उन्हात छत्रीगवताच्या छत्र्या पिवळ्या पडायला लागल्या. मालक यायला महिना होता. मी सगळ्या काड्या जमिनीलगत कापल्या, म्हणजे महिन्यात नवे कोंभ येऊन वाफा ताजा दिसला असता. कापलेल्या छत्र्या रोपं करायला मागच्या टाकीत उलट्या सोडल्या. माळीकामाच्या दृष्टीने अगदी बरोबर केलं. फक्त त्या दिवसांत लाडकीबाय तापाने घरी पडून होती. ती दहा दिवसांनी कामावर आली तेव्हा वाफ्यात तो उंच पाम नव्हता. वीतभर उंचीचे हिरवे कोंभ होते, आणि गड्ड्यांच्या मातीतून आलेला खराखुरा लव्हाळाही त्यांच्यात माजला होता.

मला त्या सकाळी बोईसर स्टेशनवर गुलाबाच्या कलमांचं पार्सल सोडवायला जायचं होतं. ट्रक सुटायच्या घाईत होता. मी पाय वर टाकता टाकता ओरडलो, "बाय, उजव्या वाफ्यात लव्हाळा माजलाय. सगळा काढ. एक गाठ राहता कामा नये!"

"ठेवते व्हय मी!" ती म्हणाली.

दुपारी परत आलो. फाटकातून आत येतानाच दगडावर दगड आपटल्याचा आवाज ऐकू आला. उजवा वाफा हातभर खोल खणलेला, माती चाळल्यागत मोकळी. पायरीवर लाडकीबाय फतकल मारून बसलेली. तिच्यापुढे छत्रीगवताच्या गड्ड्यांचा चोथा. एकेक मूळ तिने शोधून काढून ठेचलं होतं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तोंडभर हसली.

"एवढा जाडा लव्हाळा जन्मात बगितला नाय, मुकादमा! गाठी तर मुठीएवढ्या. पर एक ठेवली नाय."

तिला काही सांगायच्या आधीच वरून साहेब आले. त्यांनी वाफा बघितला, चोथा बघितला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे कोणी केलं?"

"मी, सायब," लाडकीबाय चटकन उठून उभी राहिली. पदर नीट केला. तिला वाटलं शाबासकी मिळणार.

साहेब तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळले. "ही त्या जमीनवाल्यांपैकीच ना? मुद्दाम केलेलं दिसतंय. हे काय झाड आहे ते हिला सांगितलं होतं का तुम्ही?"

वाचकहो, त्या वेळी मी काय काय विचार केला हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. खरं तर विचार असा केलाच नाही. घरी बायकोला दुसरा महिना होता. मी म्हणालो, "सांगितलं होतं, साहेब."

लाडकीबायने मान माझ्या आवाजाकडे वळवली. त्या पांढऱ्या बुबुळांना मी दिसत नव्हतो, तरी मी नजर खाली घातली. मग साहेबांना म्हणाली, "हां सायब. सांगितला व्हता त्यानं. मीच इसरले. म्हातारपन हाय."

लाडकीबाय माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिच्यासाठी साधं खरंही बोललो नाही.

फाटकावरचा चौकीदार उत्तरेकडचा, मनाने चांगला. "माई, पास दे दो," तो हळू आवाजात म्हणाला. तिने पदराची गाठ सोडली, पास त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "फूल घालशील ना रं त्याला?" मी हो म्हटलं.

पुढचं सगळं छान झालं. रिकाम्या वाफ्यात मी कर्दळ लावली. मालकांना ती आवडली, आणि फाटकापासून गेस्टहाउसपर्यंत दोन्ही बाजूंनी कर्दळच लागली. मला कायम केलं. आणि गंमत हवी असेल संपादकांना, तर ही घ्या: टाकीत उलट्या सोडलेल्या त्या छत्र्यांना तीन आठवड्यांत पांढरीशुभ्र मुळं सुटली. वाफा दोनदा भरला असता एवढी रोपं झाली. बाईसाहेबांनी ती आपल्या बंगल्यामागे लावून घेतली आणि त्यांचा राग गेला. झाडाचं काहीच नुकसान झालं नव्हतं. मी ते साहेबांना जाऊन सांगू शकलो असतो, लाडकीबायला परत घ्या म्हणू शकलो असतो. रोज सकाळी ठरवायचो. कायम केल्याचा कागद खिशात असायचा, आणि मी साहेबांच्या दारावरून पुढे जायचो.

दुपारी मात्र मी न चुकता दगडाला फूल घालायचो. लाडकीबाय कुंपणाबाहेर करंजाच्या सावलीत लाकडाची मोळी टेकवून बसलेली असायची. चिंचणीच्या बाजाराला जाताना वाट वाकडी करून यायची. तारेपलीकडून विचारायची, "घातलास?"

"घातलं, बाय."

"लाल का पिवला?"

"लाल."

त्यावर मान हलवून मोळी उचलायची. मला कधी एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या मुलाच्या बारशाला मी चार दिवस केळव्याला गेलो. परत आलो तर गेस्टहाउसच्या मागे सांडपाण्याच्या गटाराचा चर खणलेला, जांभूळ पाडलेली. मजुरांना विचारलं, इथला दगड कुठे आहे? ते म्हणाले, कुठला? तिथले सगळे दगड फोडून तळाला घातले होते. मी चरात उतरून चिखलात हात घालून चाचपत राहिलो. शेंदराचा ठिपका तरी कुठे सापडतो का, म्हणून. मुकादमाचं काय हरवलं म्हणून वरून मजूर हसत होते.

दुपारी ती आलीच. करंजापासून जांभूळ पडलेली तिला दिसणं शक्य नव्हतं. "घातलास?" तिने विचारलं.

"घातलं, बाय."

"लाल?"

"लाल."

तेव्हापासून मी रोज तेच उत्तर देत राहिलो. पुढे झाडांच्या बाबतीत माझं चांगलं नाव झालं. लोक लांबून सल्ला विचारायला यायचे, माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे. त्या खालच्या मुलीला मी काल सांगून आलो, कर्दळ लाव म्हणून. का, ते तिने विचारलं नाही.

लाडकीबाय त्याच वर्षी थंडीत गेली. त्याआधी सर्वपित्री अमावास्येला ती कुंपणाशी आली, तेव्हा चालताना धापा टाकत होती. पदराखालून एक नारळ काढला आणि तारेच्या फटीतून मोठ्या कष्टाने माझ्या हातात दिला. "त्याच्याम्होरं फोड. माज्या हातनं आता व्हायचं नाय."

मी नारळ घेऊन आत गेलो. गटारावर तोवर फरश्या बसल्या होत्या. त्यांच्यावर नारळ फोडू? मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो, मग अवजारांच्या शेडमध्ये गेलो, मग परत कुंपणाशी आलो. ती तशीच उभी होती.

"फोडलास?"

"फोडला, बाय."

"गोड निगाला?"

"गोड निघाला."

तिने तारेतून हात आत घातला, तळवा वर करून. खुरप्याने घट्टे पडलेला, तारेने मनगटावर ओरखडा उठलेला तो हात. "दे, परसाद."

मी म्हणालो, "सगळा वाटला गेला, बाय. माणसं खूप होती."

हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिने तो मागे घेतला.

"तू खाल्लास ना?"

"खाल्ला."

"मंग झाला तर," ती म्हणाली. "तुज्या तोंडानं त्याला पावला."

आणि मोळी उचलून चिंचणीच्या रस्त्याला लागली. नारळ शेडमध्ये फळीवर होता, शेंडीसकट.